ओवाळणीतली बंदूक

चांगुणाचा आवाज त्या सकाळी तिच्या आधी डेअरीवर पोहोचला होता.

ती दुधाची किटली घेऊन रांगेत उभी राहिली, तोच पुढच्या घोळक्यात कुणाच्या तरी मोबाईलमधून तीच बोलली, "आली रं भागा, कामी आली. तुझ्या ओवाळणीनंच वाचवलं बघ मला." घोळक्यात हसू फुटलं. कुणी म्हणालं, "परत लाव." परत लागलं. असा गोड, असा माहेरच्या वळणाचा आवाज, की ऐकता ऐकता चांगुणाला वाटलं, ही कोण दुसरीच बाई आहे आणि हिच्या तोंडावर कुणीतरी हात ठेवायला हवा.

"या वहिनी, या!" सूर्यभाननं तिला पाहिलं. सूर्यभान म्हणजे गावातला सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस. बिबट्यानं त्याच्या शेळ्या आणि राखणीचं कुत्रं नेल्यापासून ते तोंड आणखी मोठं झालं होतं. "दुपारनंतर ग्रामसभा हाय. तुमचा भाऊ येनार हाय पारनेरवरनं. गळा मोकळा ठिवा. यंत्रावर छापलेल्या बंदुका गावात राहत्यात का जात्यात, ते आज तुमच्या शब्दावर ठरनार."

"बंदुका कसल्या?" रांगेतून दुसरा बोलला. "प्लास्टिकच्या नळ्या त्या. आवाजापुरत्या."

"आवाजापुरत्या? मंग कल्यानची बोटं काय पाइपलाइनीत अडकून गेली का?"

हसणारे तिथंच थांबले. कल्याणची बायको पंकजा दोन्ही हातांत दोन किटल्या घेऊन वळणावर आली होती. एरवी एक ती आणायची, एक कल्याण. चांगुणाच्या पदराला पदर लागू नये इतकं अंतर ठेवून ती उभी राहिली आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "थांबला का? लावा की परत. माझ्या जाऊबाईंचा आवाज हाय. त्याच आवाजाला भुलून माझा नवरा पारनेरला गेल्ता."

चांगुणानं दूध घातलं, किटली विसळली, आणि मान खाली घालून वस्तीच्या वाटेला लागली.

चांगुणाचं माहेर पारनेरकडचं, खडकाळ. पाऊस आला तर बाजरी, नाहीतर नुसती वाट बघायची. सासर गोदावरीच्या काठाला, पुणतांब्याच्या खालच्या अंगाला. इथं पाण्याला तोटा नाही आणि ऊस पार दाराशी येऊन उभा राहतो, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. लग्नात आईनं, रंगुबाईनं, तिला एक पितळी ताट दिलं होतं. म्हणाली होती, "दुसरं द्यायला माझ्यापाशी काय न्हाई. पन भावाला ओवाळायला परक्याचं ताट मागू नको." त्या ताटात दरवर्षी दिवा लागायचा, आणि भाऊ, भागवत, कडेवर घेऊन वाढवलेला तिचा धाकटा भाऊ, दरवर्षी काहीबाही घालायचा. कधी ब्लाऊजपीस, कधी नुसता नारळ. आणि ती ओवाळताना गुणगुणायची,

खडकाळ माझं माहेर, कोरड्या गं रानाची पेरणी
बंधू घालितो ताटात, लाखमोलाची ओवाळणी

पुढं भागवत आयटीआय शिकला. नोकरी लागली नाही. मग त्यानं एक यंत्र आणलं. मोबाईलवरचं चित्र त्याला दिलं की ते थरावर थर चढवत प्लास्टिकची वस्तू उभी करायचं. फवारणी पंपाचे नोझल, ठिबकचे जोड, मोटारीच्या पंख्याची पाती. बाजारच्या दिवशी पारनेरला लोक त्याला विचारत यायला लागले. "भागवतशेठ आहेत का?" असं कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं, ते त्यानं आक्काला फोन करून सांगितलं होतं. हसता हसता तेव्हा त्याचा आवाज ओला झाला होता.

गेल्या भाऊबीजेला तो आला आणि ताटात घातली ती बंदूक.

करड्या रंगाची, हाताला हलकी, लेकराच्या खेळण्यासारखी दिसणारी. पण खेळणं नव्हतं ते. "आक्का," तो म्हणाला, "दाजी रात्रंदिवस कारखान्यावर ट्रॅक्टर घेऊन. तू एकटी उसात. मला झोप लागत न्हाई. ही मी केली. माझ्या मशीनवर. लायसन न्हाई, हेलपाटे न्हाईत, कुनाच्या पाया पडायचं न्हाई. बिबट्या आला की फक्त उडवायची."

दिव्याच्या उजेडात त्याचा चेहरा असा फुलला होता, की चांगुणाच्या तोंडून 'हे काय आनलंस' असं निघूच शकलं नाही. भावानं ताटात घातलेलं परत करत नाहीत. परत करायचं म्हणजे माहेरचा उंबरा आपल्या हातानं बुजवायचा. तिनं बंदुकीला हळदकुंकू लावलं. मग आईची रीत केली. भावाकडून आलेल्या वस्तूला हळदीतलं सूत गुंडाळायचं आणि ती वापरायला काढेपर्यंत तसंच ठेवायचं. सुताचे वेढे तिनं घोड्यावरून, नळीवरून घातले, रंगुबाईची गाठ मारली आणि तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. ती गाठ सुटत नाही, तोडावीच लागते. मग बंदूक फडताळात, देवाच्या फोटोमागं ठेवली. आणि विसरली.

पौषात बिबट्या खरंच आला.

दिवेलागणीची वेळ होती. गाय पान्हवली होती आणि वासरू दाव्याला हिसके देत होतं. उसाच्या पात्यांत वारा नसताना सळसळ झाली. चांगुणानं मान वळवली तर पाचटाच्या रंगाचं एक जनावर वासराकडे तोंड करून दबून बसलेलं. त्याचे डोळे हिरवे. हाताशी काय होतं? मोरीच्या कट्ट्यावर घासून पालथं घातलेलं पितळी ताट. तिनं ते उचललं, दुधाच्या तांब्यानं त्याच्यावर घाव घालायला लागली आणि ओरडली. काय ओरडली ते तिला आजही आठवत नाही. बिबट्या लगेच गेला नाही. असं बघत राहिला, जणू या बाईला आता काय म्हणावं ते त्याला सुचत नव्हतं. मग वळला आणि उसात शिरला, पडदा सरकावा तसा. ताटाच्या काठाला पोचा पडला होता. फडताळातली बंदूक सुताच्या गुंडाळीत तशीच होती. तिची चांगुणाला आठवणही झाली नव्हती.

गावात बातमी पसरली आणि भागवतचा निरोप आला, मोबाईलवर, धापा टाकत. "आक्का, लागलं न्हाई ना? ओवाळणी कामी आली का गं?"

आता काय सांगावं? भावानं आणलेल्या लुगड्याचा रंग पहिल्या धुण्यात गेला तरी बहीण शेजारणीला सांगते, रंग कसा पक्का. भावाकडचे लाडू दगड झाले तरी म्हणते, खुसखुशीत. असं म्हणतच ती मोठी झाली होती, तिची आई तशीच म्हातारी झाली होती. चांगुणानं मोबाईल तोंडापाशी नेला आणि म्हणाली, "आली रं भागा, कामी आली. तुझ्या ओवाळणीनंच वाचवलं बघ मला."

एवढंच.

भागवतनं तो आवाज स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'बहिणीचा जीव वाचवणारी ओवाळणी'. मग त्या बंदुकीचं नावच ओवाळणी पडलं. पारनेरपासून नेवाशापर्यंत लोक मागायला लागले. आणि चांगुणाचा चुलत दीर कल्याण, शेजारच्याच वस्तीवरचा, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, तोही एक दिवस मोटारसायकलवर पारनेरला जाऊन आला. "वहिनीचा जीव वाचला, म्हनलं आपल्यापाशी बी असावी." माघात एका संध्याकाळी उसात काहीतरी हललं. कल्याणनं उडवली. ती पुढं उडायच्या ऐवजी त्याच्या मुठीतच फुटली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यात सांगितलं, लग्नातला फटाका हातात फुटला. डॉक्टरनं ऐकून घेतलं. गावानं नाही.

चांगुणानं त्याच आठवड्यात भावाला खरं सांगितलं होतं. "भागा, मी उडवलीच न्हाई रं ती. ताट वाजवलं. तो आवाज काढून टाक." भागवत म्हणाला होता, "आता मागं घेऊ नको, आक्का. आता लई लांब आलोय मी."

ग्रामसभेच्या दिवशी दुपारी भागवत वस्तीवर आला. नवा शर्ट, कपाळाला गंध, आणि डोळ्यांत असं काहीतरी, जे कडेवरच्या भागाच्या डोळ्यांत तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं पाणी दिलं. चहा टाकला.

"तू फक्त उभी राहा सभेत," तो म्हणाला. "बोलू बी नको. मी आवाज लावतो, तू मान हलव. बास."

"माझा आवाज तुझ्यापाशी हाय. मंग मी कशाला पायजे?"

"वाकडं बोलू नको."

"कल्यानभाऊजींची बोटं वाकडी बी करता येत न्हाईत आता."

"त्यानं दारू जास्ती भरली! सांगितलं तसं वापरलं न्हाई, तर माझा काय दोष? ट्रॅक्टर उलटला म्हनून कुनी कंपनी बंद करतं का?"

"ट्रॅक्टर तुझ्या पडवीत तयार होत न्हाई."

भागवतनं कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला. "तुला काय वाटतं, मी पैशासाठी करतो? आक्का, उसतोडीच्या बाया कोप्यांत झोपत्यात, दाराला नुसतं पोतं. त्यांना लायसन कोन देनार? वनखातं? ते फोटो काढायला येतंय. मी दिली त्यांना काहीतरी. पहिल्यांदा माझ्या हातनं काहीतरी झालं. आन तू, माझी सख्खी बहीन..."

तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. रंगुबाईचा फोन होता. त्यानं तो चांगुणाच्या हातात दिला.

"चांगुणे," आई म्हणाली, "भावाच्या मागं उभी राहा. पोर तोंडावर पडंल. गाव तुझं असंल, रक्त तुझं हे हाय."

"आई, मी ती वापरलीच न्हाई."

"मंग म्हन वापरली. एवढं तोंडानं म्हनायला काय लागतंय? मी न्हाई का जलमभर म्हनत आले?"

चांगुणानं मोबाईल परत दिला. भागवत उठला, दारात थांबला. "सभेत बघू," तो म्हणाला. तिनं उंबऱ्यावरून पाहिलं, तो उसाच्या वाटेनं मागं वळूनही न बघता गेला. मग ती फडताळापाशी गेली.

ग्रामपंचायतीपुढं पत्र्याचा मांडव होता. उन्हानं पत्रे तडतडत होते. बाया एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, आणि समोर टेबलाला सरपंच सत्यशीलाताई. पदर खोचलेला, आवाज बसलेला. त्यांच्या शेजारी तालुक्याच्या ठाण्यातून आलेले हवालदार. घरच्या यंत्रावर छापलेल्या बंदुकांचं काय करायचं, याचा ठराव गावोगाव मागवला होता. इथं तो घालायचा होता. चांगुणा बायांच्या मागच्या ओळीत बसली. मांडीवर टॉवेल झाकलेलं ताट. बाजूच्या बाईनं विचारलं, "काय आनलंय गं, परसाद?" तिनं टॉवेलचं टोक ताटाखाली खोचलं.

"ठराव असा," सत्यशीलाताई म्हणाल्या, "की गावात कुणी अशी बंदूक छापणार नाही, ठेवणार नाही, विकणार नाही. ज्याच्याकडे आहे त्यानं इथं आणून द्यावी."

"आन बिबट्याला बी सांगा ठराव!" सूर्यभान उभा राहिला. "त्याला म्हनावं, बाबा, गावात यायचं न्हाई, ग्रामसभेनं ठरवलंय. पिंजरा सरकारचा, शेळी आमची, आन धरला तर बिबट्या पुन्हा सरकारचा! आमच्या वाटंला काय? लेंड्या?"

मांडव हसला. टाळ्या पडल्या.

"हसू नका," हवालदार म्हणाले. "लायसनच्या बंदुकीला नंबर असतो. कुणाची, कुणी उडवली, हे काढता येतं. ह्या छापलेल्या बंदुकीला ना नंबर, ना नाव. उडवली, चुलीत घातली, संपला विषय. उद्या माणूस मेला तर आम्ही विचारायचं कुणाला?"

"आन मरंल मानूसच," मागून एक म्हातारा उठला. "बिबट्या येतो तवा येतो. भावकी तर बांधावर रोज उभी हाय. मोजनीला काठ्या निघत्यात आज. उद्या ह्या निघतील."

"तुमच्या भावकीचं तुमी बघा, आमच्या उरावर कशाला?"

"कुनाच्या उरावर रं? गेल्या मोजनीला कुऱ्हाड कुनी आनली हुती?"

दोघं-तिघं एकदम उठले. खुर्ची पडली. सत्यशीलाताईंनी टेबलावर हात आपटला. "टीव्हीवर भांडतात तसं भांडायचं असलं तर घरी जाऊन टीव्ही लावा! इथं एकेकानं."

मग भागवत पुढं आला. त्याला बोलता येत होतं, हे नाकारून चालणार नव्हतं.

"मी पारनेरचा. बंदुका मी केल्या, मी लपवत न्हाई. हवालदारसाहेब म्हनतेत नंबर न्हाई. घाला नंबर! माझ्या मशीनची नोंद करा, माझं नाव लिहा, मी कुठं नको म्हनतो? पन बंदी कसली घालता? शेतकऱ्यानं लायसन मागितलं तर चपला झिजत्यात, आन बागायतदाराच्या दिवानखान्यात दुनळी बंदूक लटकती. त्याला बिबट्या दिसतो का कधी? बंदी घालायची तर आधी भिंतीवरची काढा, मंग आमच्या हातातली."

पुरुषांच्या बाजूनं जोरात टाळ्या पडल्या. चांगुणाला ते पटलं. खरं बोलत होता तो. निम्मं तरी खरं. आणि त्या निम्म्या खऱ्यावरच माणसं मान डोलावत होती.

पंकजा ताडकन उठली. "निम्मी बोटं घेऊन माझा नवरा तिथं बसलाय. त्याला धार काढता येत न्हाई, बटन लावता येत न्हाई. टाळ्या वाजवनाऱ्यांनो, तुमच्या हाताची बोटं शाबूत हायेत, वाजवा! त्याला न्हाई वाजवता येत!"

पण भागवत थांबला नाही. त्यानं मोबाईल वर धरला. "एकाचा अपघात झाला, मला वाईट वाटतं. पन एकीचा जीव वाचलाय, त्याचं काय? तुमच्याच गावची सून हाय. तिच्याच तोंडानं ऐका."

त्यानं मोबाईल माइकला लावला आणि मांडवातल्या कर्ण्यातून, पत्र्यांवर आपटत, चांगुणाचा आवाज आला. "आली रं भागा, कामी आली. तुझ्या ओवाळणीनंच वाचवलं बघ मला."

"उभी राहा, आक्का," भागवत म्हणाला.

ती उभी राहिली. ताट दोन्ही हातांत धरून बायांच्या ओळीतून वाट काढत पुढं आली. भागवतच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आली, आपली आक्का आली.

"हा आवाज माझा हाय," चांगुणा म्हणाली. मागपर्यंत ऐकू गेलं. "पन ही गोष्ट माझी न्हाई. भावानं काय दिलं तरी बहीन गोड म्हनती, तशी म्या म्हनले. भावाला म्हनले. गावाला म्हनले नव्हते."

"आक्का..."

"त्या वक्ताला म्या हे ताट वाजवलं. हा त्याचा पोचा. बंदूक फडताळात हुती." तिनं टॉवेल काढला.

पितळेवर ती करडी बंदूक. तिच्यावर वाळलेलं कुंकू, आणि घोड्यावरून, नळीवरून पिवळ्या सुताचे वेढे. पुढच्या ओळीतल्या माणसांनी माना लांब केल्या.

"खोटं हाय!" भागवत ओरडला. "शिकवलंय हिला. पंकजाबाईंनी शिकवलंय, सासरच्यांनी दाबलंय!"

"मला बी न्हाई बोलली ती आजपातूर!" पंकजा तितक्याच जोरात ओरडली. "मी शिकवलं असतं तर तुझं यंत्र फोडायला शिकवलं असतं!"

"भागा," चांगुणा म्हणाली, "गाठ बघ."

त्यानं पाहिलं. पाहायचं नव्हतं तरी पाहिलं. रंगुबाईची गाठ होती ती. लहानपणी त्याच्या मनगटावर, त्याच्या करदोट्याला, त्याच्या शाळेच्या पिशवीला आईनं मारलेली, कधी न सुटणारी. मधल्या काळात कुणी तोडली नव्हती, कुणी परत बांधली नव्हती, तिच्यावरचं भाऊबीजेचं कुंकू तसंच होतं.

"एकदा उडवून तरी बघायची हुती, वहिनी," सूर्यभान मागून म्हणाला, पण कुणी हसलं नाही.

चांगुणानं ताट भावापुढं धरलं, भाऊबीजेला धरते तसं. "तू उचल. तुझ्या हातानं हवालदारांपुढं ठिव आन म्हन, हे मी केलं, आता करनार न्हाई. तू उचललीस तर दिवाळीला मी दिवा लावून बसंन. म्या उचलली तर ती ओवाळणी परत केल्यावानी हुईल, भागा. मला उचलायला लावू नको."

पत्रे तडतडले. भागवतनं ताटाकडं पाहिलं, मग मांडवाकडं, जिथं थोड्या वेळापूर्वी त्याच्यासाठी टाळ्या पडल्या होत्या. पितळ जड असतं, धरून ठेवलं की आणखी जड होतं.

"तूच उचल," तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता, म्हणून जास्त लागला. "लई मोठं झालंय तुझं सासर. पारनेरची वाट इसर. तुला भाऊ न्हाई."

तिनं आणखी थोडी वाट पाहिली. मग ताट टेबलावर ठेवलं, बंदूक उचलली आणि हवालदारांपुढं सारली. तिच्या बोटांना जुनी हळद लागली. "हात लावायला नको होता," हवालदार पुटपुटले आणि त्यांनी रुमालात ती गुंडाळली. मग भागवतकडं बघून म्हणाले, "तुम्ही थांबायचं."

सत्यशीलाताईंनी ठराव पुन्हा वाचला. खाली एक ओळ घातली, की वनखात्यानं शेळीसकट पिंजरा द्यावा. "मंजूर असलेल्यांनी हात वर करा."

आधी कुणाचाच हात वर गेला नाही. माणसं एकमेकांकडं बघत होती. मग मांडवाच्या खांबाला टेकून बसलेल्या कल्याणनं आपला पट्टी बांधलेला उजवा हात वर केला. मग बायांच्या बाजूनं हात गेले, मग पुरुषांच्या. सूर्यभाननं हाताची घडी सोडली नाही. "बिबट्या आला की ह्याच हातांनी वाजवा ताटं," तो म्हणाला आणि निघून गेला. त्याच्यामागं बरेच जण गेले.

भागवत बाकावर बसला होता, दोन गुडघ्यांत हात घालून. चांगुणा त्याच्या समोरून गेली. त्यानं मान वर केली नाही.

वस्तीच्या वाटेला लागली तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकला होता. रिकामं ताट काखेत होतं. ते आता हलकं झालं होतं, आणि ते हलकेपण तिला सहन होत नव्हतं. मागून पावलं वाजली. पंकजा होती. कल्याणला कुणीतरी मोटारसायकलवर पुढं नेलं होतं. दोघींची वाट एकच.

बराच वेळ पंकजा मागंच चालत राहिली. मग म्हणाली, "आदीच बोलली असतीस तर?"

"व्हय."

"व्हय काय, व्हय? त्यांची बोटं येनार हायेत का?"

"न्हाई."

"मी माफ करनार न्हाई, सांगून ठेवते. उगं मनात धरू नको, की आज बोलले म्हंजी सगळं धुऊन निघालं."

"नको करू माफ," चांगुणा म्हणाली.

पुढं वाट वळत होती. तिथून दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, डोक्याच्या वर, दाट. तोड अजून इकडं आली नव्हती. उजेड वाटेवरून उठून शेंड्यांवर गेला होता. दोघींची पावलं आपोआप मंदावली. उसात काहीतरी सळसळलं. वारा असेल. वारा नव्हता.

चांगुणाच्या ओठांवर सवयीनं ओळ आली, खडकाळ माझं माहेर, आणि तिथंच अडकली. पुढची ओळ बंधूची होती. ती तिच्या तोंडात येईना.

"थांबलीस काय?" पंकजा मागून खेकसली. तिनं कमरेचा पितळी आकडा काढला, किल्ल्यांच्या जुडग्यासकट, आणि चांगुणाच्या हातात कोंबला. "ताट हाय ना काखंत? वाजव की!"

चांगुणानं ताट समोर धरलं आणि घाव घातला. पोच्याच्या जागेवरच. आवाज उसावरून पार नदीपर्यंत गेला. ती वाजवत पुढं चालली, आणि पंकजा, अजून तेवढंच अंतर राखून, तिच्या मागं.